किनाऱ्याच्या दमट हवेत हायड्रोटाल्साइट तयार करताना

हायड्रोटाल्साइटमध्ये मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे पातळ थर असतात व थरांमधल्या फटींत पाणी आणि कार्बोनेट बसलेले असते. तापवल्यावर हे दोन्ही निघून जातात आणि कार्बन डायऑक्साइडचे अधिशोषण करणारे, म्हणजे तो वायू पृष्ठभागावर धरून ठेवणारे, सच्छिद्र ऑक्साइड मागे उरते. कृती अवघड नाही. मात्र रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या प्रयोगशाळेत, त्यातही आषाढात, पहिला बंदोबस्त ओलाव्याचा करावा.

मॅग्नेशियम नायट्रेट हेक्साहायड्रेट १९.२ ग्रॅम आणि ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ९.४ ग्रॅम १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की मॅग्नेशियम नायट्रेटचे खडे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो. असा माल वजनाला पुरा भरला तरी त्यात मॅग्नेशियम कमीच असते, म्हणून तो वापरू नये. दुसऱ्या भांड्यात ८ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २.६५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट यांचे द्रावण करावे. हातमोजे व चष्मा हवेतच.

ढवळत्या पाण्यात दोन्ही द्रावणे थेंबथेंब, एकाच वेळी सोडावीत आणि सामू १० च्या आसपास राखावा. तो घसरू लागल्यास कॉस्टिकचे आणखी थोडे द्रावण घालावे. पांढरा, दाट साका ६५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवला म्हणजे थर नीट जुळतात. मग गाळून, धुवणाचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी बरेचदा मचूळ असते, तेव्हा इथेही ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. धुण्यात कसूर राहिली तर उरलेल्या नायट्रेटमुळे भट्टीतून तांबूस, विषारी वायू निघतो.

साका ८० अंशांना वाळवून, कुटून, मुशीत ४५० अंशांना चार तास भाजावा. साडेसात ग्रॅमचे सव्वाचार ग्रॅमच उरतात. ही घट अपेक्षितच आहे.

खरी जोखीम यानंतरची. भाजलेले ऑक्साइड हवेतील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा मूळचे थर बांधू लागते, म्हणून मूस कोमट असतानाच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी आणि चाचणीआधी नमुना कोरड्या नायट्रोजनमध्ये ४०० अंशांना पुन्हा तापवावा. ३०० अंशांना ग्रॅममागे वीसेक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला गेला, तर नमुना साधला असे समजावे. खोलीच्या तापमानाला याहून कितीतरी जास्त वायू नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा धरतो, आणि तो पडतोही स्वस्त. हायड्रोटाल्साइटचा खटाटोप गरम वायूसाठीच करावा.