अनुभव नसताना कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये शिरायचं असेल तर

फ्रेशरच्या मुलाखतीत एक प्रश्न जवळपास ठरलेला असतो: एका युजरचं इंटरनेट बंद आहे, काय बघाल? ओएसआयचे (नेटवर्क समजावणाऱ्या पुस्तकी मॉडेलचे) सात लेयर घोकून आलेले इथे गडबडतात, कारण उत्तर क्रमाने द्यायचं असतं. केबल नीट बसली आहे का, पोर्टचा दिवा लागतो का, आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला का, गेटवे (बाहेर नेणारा राउटर) पिंग होतो का, म्हणजे हाक मारल्यावर उत्तर देतो का, ८.८.८.८ (गूगलचा इंटरनेटवरचा सर्व्हर) पिंग होतो का. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून, उत्तरच आलेलं नाही. ८.८.८.८ पिंग होतो पण साइट उघडत नाही, तर आधी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा, तपासा. नोकरी नसतानाही हे अंगवळणी पाडता येतं. त्यासाठी घरीच जोडणी करायची, मुद्दाम बिघडवायची आणि शोधून काढायची.

सुरुवात केबलपासून करा. क्रिंपिंग टूल (कनेक्टर दाबून बसवायचं), एलईडीचा साधा टेस्टर, पन्नासेक कॅट-६ (नेटवर्क केबलचा एक प्रकार) चे आरजे-४५ कनेक्टर (केबलच्या टोकाचे प्लग) आणि ३० मीटर कॅट-६ केबल घ्या. मुंबईत हे सगळं लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. केबल अस्सल तांब्याचीच घ्या. ब्लेडने तार खरवडली आणि आत चांदीसारखा रंग दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. अशी तार वाकवली की तुटते.

रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची क्लिप खाली आणि केबलचं टोक आपल्याकडे धरलं की पहिली पिन डावीकडे येते. आठ तारा दोन-दोनच्या पीळ दिलेल्या जोड्यांत असतात; हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं जाईल असं बघा. नवखे हमखास फसतात ते हिरव्या-निळ्यापाशी. चारही जोड्या ओळीने (१-२, ३-४, ५-६, ७-८) लावल्या, दोन्ही टोकांना सारख्याच, तर टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या तारा लागतात. इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांत जातात आणि सिग्नल एकमेकांत मिसळतो. दोन मीटरवर कदाचित चालेलही, ४० मीटरवर पॅकेट (डेटाचे तुकडे) गळायला लागतात. साधा टेस्टर फक्त तार जोडलेली आहे की नाही एवढंच सांगतो. अशी चुकीची केबल एकदा मुद्दाम करून बघाच.

मग पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर. राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं काढलं की फुकट मिळतो. त्यात जोडा: दोन स्विच, एक राउटर, चार पीसी, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्कं) १० आणि २०, मध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक). हे चालू झालं की व्हीलॅन ३० वाढवा आणि ट्रंकवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ टाका. १० आणि २० दोन्ही बंद पडतील, कारण ‘अॅड’ हा शब्द राहिला की जुनी यादी पुसून फक्त ३० उरतो. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ मध्ये हे दिसतं. कामावर लागलेली माणसंही इथे ठेचकाळतात. सबनेटिंगचा (नेटवर्कचे लहान तुकडे पाडायच्या हिशोबाचा) सराव रोज दहा मिनिटं, तोंडी: १९२.१६८.१०.७० स्लॅश २६ (३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे) म्हणजे शेवटच्या आकड्यात नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम निरोप जाणारा पत्ता) १२७, वापरायला ६२ पत्ते.

प्रत्येक बिघाड वहीत लिहा: लक्षण, काय तपासलं, कारण, उपाय. असे वीसेक झाले की रेझ्युमेत अनुभवाच्या जागी त्यातले चार-पाच दोन-दोन ओळींत टाका. ‘हार्डवर्किंग, टीम प्लेअर’ कुणी वाचत नाही.

सीसीएनए या सिस्कोच्या सर्टिफिकेटची परीक्षा, कोड २००-३०१, १२० मिनिटांची. फी ३०० डॉलर, वर कर. घाई करून भरू नका. आधी अर्ज सुरू करा. पहिली नोकरी बहुधा एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) एल-वन (पहिली पायरी), एफएमएस इंजिनिअर (ग्राहकाच्या ऑफिसात देखभाल करणारा) किंवा डेस्कटॉप सपोर्टची मिळते, तीही बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या पेरोलवर आणि शिफ्टमध्ये. ऐरोली, महापे, हिंजवडी, खराडी इथे शोधा. पीएफ आणि नोटीस पीरियड ऑफर लेटरवर वाचून घ्या; नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला नमस्कार करून निघा. तालुक्याच्या गावी असाल तर केबलवाल्याकडचं फायबरचं कामही वाईट नाही. स्प्लायसिंग (फायबर जोडणं) आणि पॉवर मीटर (प्रकाशाचा जोर मोजणारा) हातात येतो, आणि ओएनयूपाशी (ग्राहकाकडच्या फायबरच्या डब्यापाशी) उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलच्या जोराचं माप) खाली गेलेलं रीडिंग म्हणजे लाइन कधीही पडणार, हे समजतं.

कामावर लागल्यावर लांबच्या सिस्को राउटरवर बदल करायची वेळ येईल. आधी चालू कॉन्फिग (राउटरची सेटिंग्ज) सेव्ह करा, नोटपॅडमध्येही उतरवा, मग ‘रीलोड इन १०’ द्या. बदल चुकून आपणच बाहेर फेकले गेलो तर दहा मिनिटांत राउटर स्वतः रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच ‘राइट मेमरी’ (सेव्ह करायची कमांड). उलट क्रमाने केलंत तर चुकलेलंच सेव्ह होतं आणि गाडी काढून साइटवर जावं लागतं.