दोन वैरी क्लॅन आणि एक ठरवून केलेलं लग्न: स्कॉटलंडची प्रेमकथा मराठीत कशी लिहायची

स्कॉटलंडच्या डोंगरातली दोन घराणी, म्हणजे क्लॅन, त्यांचं पिढ्यानपिढ्याचं वैर आणि ते मिटवायला ठरवून केलेलं लग्न, अशी ऐतिहासिक प्रेमकथा मराठीत लिहायची इच्छा असलेले आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात पण बरेच जण आहेत म्हणून हे लिहितेय. मी स्वतः तीन वर्षं अशाच एका कादंबरीवर बसलेय आणि मला एवढं पक्कं कळलंय की तलवारी, किल्ले, धुकं हे सगळं नंतर, आधी सोयरीक लिहा. सोयरीक आपल्याला आतून माहितीय. माझ्या आज्जीचं लग्नच बांधाच्या भांडणातून झालंय, दोन्ही घरांची कोर्टात केस चालू, शेवटी गावातल्या चार जाणत्यांनी बसवून मुलगी द्या मुलगी घ्या केलं, आणि आज्जी सांगते पहिले सहा महिने सासऱ्यांनी तिच्या हातचं पाणी पण घेतलं नाही. ते सहा महिने म्हणजेच तुमची कादंबरी.

पहिल्यांदा साल ठरवा, नुसतं 'जुन्या काळी' म्हणून चालत नाही. 1603 घेतलंत तर ग्लेन फ्रुइनच्या लढाईनंतर मॅकग्रेगर हे आडनावच राजाने बंद करून टाकलेलं, म्हणजे तुमचा हिरो त्या घराण्यातला असेल तर लग्नाच्या करारावर त्याला स्वतःचं नाव लिहायची चोरी. 1746 च्या कलोडनच्या लढाईनंतरचं घेतलंत तर कायद्याने हायलँडचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचा, पोशाखच बंद, ती बंदी 1782 ला उठली. आणि प्रत्येक घराण्याचा वेगळा टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, बघितल्या बघितल्या कोण कुठल्या क्लॅनचा ते कळतंय, हे 1600 च्या गोष्टीत घालू नका, ती पद्धत 19व्या शतकात, 1822 ला राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्याच्या आसपास पक्की झाली. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये लाल-हिरव्या चौकड्यांवरून शत्रू ओळखायचा अख्खा सीन लिहिला होता, तो काढावा लागला. बटाटा पण तसाच, तिकडच्या डोंगरात तो 18व्या शतकात रुळला, त्याच्या आधी ओटची भाकरी, तव्यावर भाजलेली, आणि चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. त्या धुराचा वास कसा लिहायचा असं वाटत असेल तर जुलैत आमच्या खानापूरकडच्या घरात या, ओलं लाकूड पेटत नाही आणि लुगड्यापासून अंथरुणापर्यंत सगळ्याला धूर लागलेला असतो, तिथनं उचला.

आता वैर. क्लॅन हा शब्दच गेलिकमधल्या, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या जुन्या भाषेतल्या, मुलंबाळं अर्थाच्या शब्दावरनं आलाय, म्हणजे आपली भाऊबंदकी, त्यामुळे कारण पण घरगुतीच शोधा, गुरं पळवली, कुरणाची हद्द, मोडलेली सोयरीक. स्काय बेटावर मॅकलाउड आणि मॅकडोनाल्ड यांचं 1601 ला जे पेटलं त्याची लोककथा अशी सांगतात की मॅकडोनाल्डच्या प्रमुखाने मॅकलाउडची बहीण करून घेतली आणि नंतर परत पाठवली, आणि पाठवताना एका डोळ्याच्या घोड्यावर बसवून, बरोबर एका डोळ्याचा नोकर आणि एका डोळ्याचं कुत्रं, कारण तिचा पण एक डोळा गेलेला. मुलगी माहेरी परत पाठवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, फक्त ती घोड्यावरून वेशीतून आत येते तेव्हा तिचा भाऊ तिच्याकडे बघतो की खाली बघतो एवढं लिहा.

आणि सोयरीक झाली की वैर मिटलं असं कधीच दाखवू नका. ग्लेंको नावाच्या दरीतलं उदाहरण डोक्यात ठेवा. राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची मुदत 1 जानेवारी 1692, तिथल्या मॅकडोनाल्ड प्रमुखाला पोचायला काही दिवस उशीर झाला, मग फेब्रुवारीत रॉबर्ट कॅम्पबेल सैन्य घेऊन त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून उतरला, जवळजवळ दोन आठवडे त्यांचं जेवला, आणि 13 तारखेच्या पहाटे त्याच्या सैनिकांनी सुमारे 38 माणसं मारली. त्या प्रमुखाच्या धाकट्या मुलाची बायको ह्या कॅम्पबेलचीच भाची होती. मामा घरी आलाय म्हणून तिने ताटं वाढली असतील. मला तर ह्या एका बाईवरच अख्खी कादंबरी दिसते.

नायिका लिहिताना एक गोष्ट आपल्यापेक्षा अगदी उलटी आहे ती नीट वापरा. आपल्याकडे नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. स्कॉटलंडमध्ये बायकोचं माहेरचं आडनाव लग्नानंतर पण राहायचं. म्हणजे शत्रूच्या वाड्यात रोज सकाळी उठून ती शत्रूच्याच नावाने ओळखली जाणार, नोकर तेच नाव घेणार. दुसरी खूण कपाळावरची, हायलँडमधली लग्न झालेली बाई डोक्याला पांढरा रुमाल बांधायची, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा, ती सकाळ घाईत उरकू नका. हुंड्याला तिकडे टॉखर म्हणायचे आणि डोंगरात तो बऱ्याचदा गुरांच्या रूपात, तेव्हा किती गायी ठरल्या, किती आल्या, त्यातली एक लंगडी निघाली ह्यावर सासूचं बोलणं आलंच पाहिजे. शिवाय प्रमुखाची मुलं दुसऱ्या घरी वाढवायला द्यायची पद्धत होती, त्या घरातला मुलगा सख्ख्या भावापेक्षा जवळचा. नायकाचा असा दूधभाऊ नायिकेच्या भावाच्या हातून मेलेला असेल तर प्रेम व्हायला दोनशे पानं लागतील आणि लागू देत.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बोलण्यावर घालवा. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे नाही ते आपल्याकडे आहे, अहो आणि तू. आणि हे उपरं पण नाही, गेलिकमध्ये पण 'हू' आणि 'शिव' असं एकेरी-आदरार्थी आहेच. लग्नानंतर ती अहो म्हणतेय, तो पण तिला तुम्ही म्हणतोय कारण ती शत्रूघरची, मान द्यायचा आणि लांब ठेवायचं, मग एका रात्री त्याची जखम धुताना तिच्या तोंडून "हलू नकोस" निघतं आणि दोघं गप्प बसतात. बस, तिथे मिठीची गरज नाही. प्रमुखाला हाक मारताना नावाने नको, जमिनीवरून मारायचे, ग्लेनलायनचा कॅम्पबेल तो नुसता 'ग्लेनलायन', आपले निपाणकर, कित्तूरकर म्हणतो तसंच. सखल भागातली मुलगी गेलिक बोलणाऱ्या घरात दिली असेल तर तिला स्वयंपाकघरातलं एक अक्षर कळणार नाही, आपल्याकडे मराठी घरातली मुलगी बैलहोंगलकडच्या कन्नड घरात गेली तर जे होतं तेच, आधी मीठ, पाणी, ये, जा एवढेच शब्द येतात, नवऱ्याआधी ती घरातल्या लहान पोरांकडून भाषा शिकते.

लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो ज्यांनी स्कॉटलंडचं नाव पण ऐकलेलं नाही त्यांना. मी पांढऱ्या रुमालाचा सीन आज्जीला वाचून दाखवला, तिने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिच्या माहेरचं कोण राहिलं होतं काय गे त्या रात्री?" मी लिहिलंच नव्हतं. आता तिथे एक म्हातारी दाई आहे, पहाटे पीटच्या चुलीपुढे बसलेली, तो रुमाल मांडीवर घेऊन.