चेंदणी कोळीवाड्यातले फोटो, घरच्यांना सोबत घेऊन

ठाण्यात वाढलात म्हणून चेंदणी कोळीवाड्यात कॅमेरा रोखायची मुभा मिळत नाही. पहिल्या फेरीत तो बॅगेतच राहू द्या. ज्येष्ठांकडे जुने फोटो मागा आणि पुढच्या फेरीत ते घराबाहेर न नेता तिथेच कॅमेऱ्याने कॉपी करा.

फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट ऊन नको. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोटोला अगदी समांतर. तिरपा धरला तर चौकट एका बाजूला निमुळती होते. ५० एमएम लेन्स, एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता), दोन सेकंदांचा टायमर. चकाकी आली तर काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेरा आणि फोटोच्या मधे धरा. काचेला चिकटलेला फोटो मात्र कधीच ओढू नका, चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेसकट कॉपी करा.

मग त्याच घराच्या ओट्यावर नवा फोटो. कोण कुठे बसणार, हे घरच्यांनीच ठरवायचं. खाडीकाठ हवा असेल तर भरतीची वेळ बघा, ओहोटीत चिखलच दिसतो. पाठीमागे चमकतं पाणी असलं की चेहरे काळे पडतात. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट घ्या.

६ बाय ८ इंचांची मॅट (न चकाकणारी) प्रिंट स्वतः नेऊन द्या. नावं आणि साल पाकिटावर लिहा; बॉलपेनचा दाब फोटोवर उमटतो. प्रदर्शनाआधी परवानगी पुन्हा घ्या.