कोणतं पातं कशाला?

अमेरिकेतल्या गुराख्यांच्या कामासाठी घडलेल्या ‘स्टॉकमन’ या घडीच्या खिशातल्या चाकूत सहसा तीन पाती असतात: शीपफूट, क्लिप आणि स्पे. रोजच्या वापरात माझ्या मते सगळ्यात गुणी म्हणजे शीपफूट. त्याची धार सरळ असते आणि पाठ टोकाशी खाली वळते, त्यामुळे अणकुचीदार टोक उरत नाही. पार्सलची टेप कापताना आतल्या वस्तूवर ओरखडा जायची भीती कमी. फळीवर सुतळी किंवा पुठ्ठा कापताना अख्खी धार टेकते. टोकदार क्लिप पातं बटाट्याचे डोळे काढायला, पट्ट्याला भोक पाडायला. मूळचं जनावरांच्या खच्चीकरणाचं स्पे पातं फळं सोलायला चांगलं.

भोक पाडताना मात्र जपून: अशा चाकूंना बहुधा उघडं पातं अडकवून ठेवणारं लॉक नसतं, जोर लावला की पातं थेट बोटांवर मिटू शकतं.