जबड्याचं इम्प्लांट बनवून घेताय? आधी स्कॅन नीट करा

भोसरीत मी सर्जनांसाठी चेहऱ्याच्या हाडांची इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या हाडाच्या जागी बसवायचे कृत्रिम तुकडे, संगणकावर डिझाइन करते. चेहरा निमुळता दिसावा म्हणून जबड्याचा कोन कापताना कधी हाड जास्त जातं आणि कानाखालची कड नाहीशी होते. ती कड इम्प्लांटने भरून काढायची केस आली की मी आधी सीटी स्कॅन उघडते, कारण इम्प्लांट हाडावर चपखल बसणार की नाही हे तिथेच ठरतं.

आधीच्या शस्त्रक्रियेची सूज पूर्ण उतरू द्या. त्याला महिने लागतात. मग टिळक रोडवर स्कॅन करा की चिंचवडला, नुसती फिल्म घेऊन येऊ नका. तिच्यावरून काही घडवता येत नाही. स्कॅनचे एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप आणि सगळा डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फायली, पेनड्राइव्हवर मागून घ्या. कानातलं, चमकी काढा. दात रोजच्यासारखे मिटा, आवंढासुद्धा गिळू नका. हललात की हाडाची कड पुसट येते.

एक बाजू शाबूत असेल तर तिचं प्रतिबिंब घेऊन दुसरी घडवता येते. दोन्ही बाजू कापल्या असतील तर मूळ आकार शोधायचा कुठे? दातांना तारा लावताना काढलेला ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, घरात कुठल्यातरी फायलीत असतो, तो शोधाच. त्यावरून अचूक मापं मिळत नाहीत, पण कोनाचं वळण कळतं. शस्त्रक्रियेआधीचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटोही आणा.

डिझाइन मंजूर होण्याआधी सर्जनना स्क्रीनवर दाखवायला सांगा. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून जाते. हाड तासल्यावर ती कडेच्या जवळ आलेली असू शकते, म्हणून प्रत्येक स्क्रू तिच्यापासून किती लांब आहे ते विचारा. चावण्याचा स्नायू आधीच सुटून वर सरकला असेल, तर दात आवळल्यावर दिसणारा उंचवटा इम्प्लांटने जाईलच असं नाही. हे आधी ऐकलेलं बरं.

टायटॅनियम, पीक नावाचं पॉलिमर की सच्छिद्र पॉलिइथिलीन, हे सर्जन ठरवतील. सच्छिद्र प्रकारात ऊती आत वाढतात, त्यामुळे पुढे काढायची वेळ आली तर अवघड जातं, एवढं लक्षात ठेवा.

छेद बहुधा तोंडातूनच घेतात. म्हणून किडलेले दात आधी दुरुस्त करा. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. नंतर पेज, मऊ खिचडी आणि सांगितल्याप्रमाणे गुळण्या. डिस्चार्ज घेताना इम्प्लांटचं मटेरियल आणि लॉट नंबर लिहिलेला कागद मागून घ्या, आणि पुढे दाढ काढायची वेळ आली तर डेंटिस्टला तो आधी दाखवा.