पत्र्याच्या डब्यातली पुंटिकूर

बाजारात अंबाडी म्हणतात, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पुंटिकूर. माझ्याकडचं बी सासूबाईंचं, चादरीच्या चिंधीत बांधलेलं. ते त्यांच्या सासूने तेलंगणातून आणलं होतं, असं त्या सांगायच्या. सासरे मागावर आणि सासूबाई कांड्या भरायला, त्यामुळे बाग म्हणजे दारातले चार डबे. माझे डबे आता गच्चीवर आहेत, एवढाच फरक.

तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या आणि बुडाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडा. आपली काळी माती नुसती भरू नका. पाण्याने ती चिकट होते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. दोन पाट्या माती, एक पाटी मुरलेलं शेणखत, एक पाटी वाळू. हे कालवण मी एप्रिलमध्येच करते आणि गच्चीवर पातळ पसरून ठेवते. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात त्यातली हुमणी, बुरशी बरीचशी मरते. सोलापूरच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग मला आजवर सापडलाय.

पेरणी मृगाचा पाऊस पडला की. बी रात्रभर भिजवा, बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका. डब्यात पाच-सहा दाणे टाकून पुढे दोनच जोमदार रोपं ठेवा, उपटलेली कोवळी रोपं डाळीत जातात.

वेळ मात्र चुकवू नका. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी नवरात्रात पेरलं, बतकम्माची, म्हणजे आमच्या तेलुगू घरांतल्या फुलांच्या सणाची, फुलं मांडता मांडता आठवलं म्हणून. रोपं वीतभर झाली नाहीत तोवर कळ्या! सासूबाई म्हणाल्या, "आता फुलांचीच भाजी कर." दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की अंबाडी फुलावर येते, मग झाड केवढं का असेना. जूनमध्ये पेरलं की पानांना तीन-साडेतीन महिने मिळतात.

रोप गुडघ्याला लागलं की शेंडा खुडा. खाली फांद्या फुटतात आणि जितकं खुडाल तितकं झाड दाटतं. लाल देठाची जास्त आंबट, हिरव्या देठाची जरा सौम्य. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकराला काय सांगायचं. मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घालते आणि बुडाशी उसाचं पाचट अंथरते. खरा पाऊस आपल्याकडे भाद्रपदात, तेव्हा डब्याची भोकं तुंबली नाहीत ना ते बघा. देठावर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढी फांदी तोडून टाका, बाकीच्यावर साबणाचं पातळ पाणी.

भाजीची कृती प्रत्येक घराची वेगळी. आमच्याकडे पानं शिजवून जादा आंबट पाणी पिळून टाकतात, मग तूरडाळ, तांदळाच्या कण्या आणि वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. सोबत ज्वारीची कडक भाकरी. लोखंडी कढईत मात्र करू नका, भाजी काळवंडते.

आता बी. प्रत्येक वर्षी सगळ्यात धट्टंकट्टं झाड निवडून सप्टेंबरपासून त्याचं पान तोडायचं नाही. मी त्याला लाल दोरा बांधते, नाहीतर सुना खुडून टाकतात. फिकट पिवळं, मध्ये गडद डोळ्याचं फूल येईल, त्यामागे बोंडं. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या सुमारास ती खडखडीत वाळतात. हातमोजे नसतील तर फडकं गुंडाळा, बोंडावरची बारीक लव बोटांत शिरते आणि दोन दिवस चुरचुरते. बोंडं चुरून पाखडा, करड्या रंगाचं तिकोनी बी खाली राहतं. चुलीची राख चोळून कापडात बांधा. राहिलेल्या खोडाचा पूर्वी पाण्यात कुजवून वाख काढत, त्याचे दोर वळत. मी ते खोड वाल चढवायला वापरते.

सगळं बी एकाच घरात ठेवू नका. अर्धं मी धाकट्या जावेकडे देते. एका वर्षी उंदरांनी माझी पुरचुंडी फोडली, तेव्हा तिच्याकडचंच परत मागून आणलं. तिने मोबदल्यात पुंटिकुरीच्या लोणच्याची बरणी मागितली, तीही मोठी.