खोलीत धुकं सोडण्याआधी

ग्वाल्हेरात डिसेंबरच्या पहाटे रियाजाला बसायचं म्हणजे आधी दहा मिनिटं घशाची मनधरणी. मी शहराच्या लष्कर भागात राहते, घरीच गाणं शिकवते. रात्री ब्लोअर, म्हणजे गरम हवेचा हीटर, लावून झोपायची सवय लागली, तेव्हापासून सकाळी मंद्र सा लावायला गेलं की घसा सुक्या सालपटासारखा खरखरतो, नाकात खपल्या धरतात. तंबोऱ्याच्या खुंट्याही सैल पडू लागल्या, लाकूड आक्रसतं ना. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की आवाज सुधारतो म्हणतात. लहानपणी मीही चघळली होती. दात तेवढे आंबले. शेवटी मुलानं ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, पाठवून दिला.

पहिल्याच आठवड्यात मी दोन घोटाळे केले. टाकीत बोअरचं पाणी भरलं, आणि बटण शेवटपर्यंत फिरवून यंत्र रात्रभर चालू ठेवलं. सातव्या दिवशी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पिठासारखी पांढरी पूड. हे म्हणाले, "आता तंबोऱ्यालाही पावडर लावायला लागलीस का?" पुढच्या आठवड्यात पलंगामागच्या भिंतीला ओल आली आणि रंगाचे पोपडे सुटले. तेव्हा कुठे मी नीट बसून हे प्रकरण समजून घेतलं.

सगळ्यात आधी यंत्र नव्हे, आर्द्रता मोजायचा मीटर घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि तापमानही दाखवतो. तो खरं बोलतो की नाही हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. माझा ७१ दाखवतो, म्हणून मी मनात ४ मिळवते. मीटर उशीच्या उंचीला ठेवा, यंत्रापासून दूर. वाफेच्या तोंडाशी ठेवलात तर तो ९० सांगेल आणि तुम्ही उगीच खूश व्हाल.

आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला की पुरे. ३० च्या खाली घसा आणि त्वचा कुरकुरतात. ५० च्या बरंच वर गेलं की गादीतले धुळीचे किडे पोसले जातात, ६० च्या वर बुरशीची तयारी सुरू होते. दम्याच्या माणसाला जास्त ओलसर हवा कोरड्या हवेपेक्षाही वाईट ठरू शकते, तेव्हा घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता एक गंमत. बाहेर एवढं धुकं, हवा पाण्यानं भरलेली, मग खोली कोरडी कशी? कारण थंड हवेत पाणी मावतंच कमी. बाहेर ६ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा आत येऊन २४ अंशाला तापली की साधारण २५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण भांडं मोठं झालं. ब्लोअर हवेतलं पाणी पीत नाही, तो फक्त भांडं मोठं करतो. म्हणून हीटर दोन अंशांनी कमी ठेवून एक रजई जास्त घेतली, तर थोडं काम फुकटात होतं.

आणि पाणी लागतं तरी किती? माझी खोली दहा बाय बाराची, उंची दहा फूट. मी हिशेब केला: २२ अंशाला ३० टक्क्यांवरून ४५ वर जायला त्या हवेत जेमतेम १०० मिलिलिटर पाणी मिसळावं लागतं. अर्धं फुलपात्र! दाराखिडक्यांच्या फटींतून कोरडी हवा येत राहते म्हणून थोडं थोडं घालत राहावं लागतं, हे खरं. पण तासाला पाव लिटर फेकणारं यंत्र रात्रभर पूर्ण जोरात चालवलं तर भिंत ओली होणार नाही तर काय! मी आता झोपण्याआधी एक तास मध्यम ठेवते, मग अगदी मंद, आणि दार चार बोटं उघडं. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून थेंब दिसले तर समजायचं, काल जास्त झालं.

यंत्र जमिनीवर ठेवू नका. कमरेइतक्या उंच स्टुलावर, भिंतीपासून आणि पलंगापासून हात-दोन हात लांब, तोंड मोकळ्या जागेकडे. खाली पडण्याआधी वाफ हवेत विरली पाहिजे. समोरची चादर किंवा टेबल ओलं लागत असेल तर जागा चुकली. विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्या खाली नको. तंबोरा आणि हार्मोनियम मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलेत.

पाण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेख तिथंच आहे. माझं यंत्र अल्ट्रासॉनिक आहे. तळाची बारीक चकती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचा धुरळा करते. पाणी उकळत नाही, जसंच्या तसं हवेत उडतं, त्यातल्या क्षारांसकट. बोअरच्या पाण्यानं आपल्या नळांच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो, तोच मी आठवडाभर श्वासात घेत होते. म्हणून आता आर.ओ.चं पाणी घालते. त्यातही थोडे क्षार असतात, पण पूड जवळपास थांबली. डिस्टिल्ड पाणी उत्तम, फक्त रोज परवडलं पाहिजे. आर.ओ.च्या पाइपातून जे पाणी वाया जातं ते चुकूनही नको, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. एसीच्या नळीचं पाणी आमच्याकडे इन्व्हर्टरसाठी जपून ठेवतात. त्यात क्षार कमी, पण धूळ आणि जंतू भरपूर. हवेत उडवायला ते नको.

पाण्यात काहीही मिसळायचं नाही. ना कापूर, ना निलगिरीचं तेल, ना अत्तर. तेलानं प्लास्टिक तडकतं, आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत कापूर धोक्याचाच. जंतू मरावेत म्हणून औषधही टाकू नका. दक्षिण कोरियात लोक ह्युमिडिफायरच्या पाण्यात जंतुनाशक घालायचे. २०११ मध्ये उघड झालं की तेच फुफ्फुसात जाऊन माणसं दगावत होती. बाटलीत निरुपद्रवी वाटणारी वस्तू धुरळा होऊन छातीत गेली की वेगळीच वागते.

सफाईला पर्याय नाही. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं, टाकी पुसून उघडी वाळवायची. कालच्या पाण्यावर नवीन पाणी घालायचं नाही. टाकीच्या आत बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर उशीर झालाय. दर तिसऱ्या दिवशी प्लग काढून तळाशी निम्मं पांढरं व्हिनेगर आणि निम्मं पाणी अर्धा तास ठेवायचं, मग चकती जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासायची. सुरी किंवा तारेची घासणी लावलीत तर चकती गेली. शेवटी दोन-तीनदा खळखळून धुवायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. मोटरचा भाग नळाखाली धरायचा नाही, हे सांगायला नको, पण आमच्याकडे एका शिष्येच्या आईनं तेही करून झालंय.

पाणी उकळून वाफ सोडणारं यंत्रही मिळतं. त्यात पूड उडत नाही आणि उकळल्यानं जंतूही मरतात, पण वीज जास्त जाते, आणि घरात रांगणारं मूल असेल तर भाजण्याची भीती. नातवंडांसाठी थंड धुक्याचंच बरं.

यंत्रच नको असेल तर रात्री खोलीत दोन ओले टॉवेल दोरीवर टाका. सकाळी मीटर बघा, बराच फरक दिसतो. हीटरजवळ पाण्याचं पातेलं ठेवायची इथली जुनी पद्धत आहे. त्यानं थोडी ओल मिळते, बस्स. "पाणी ठेवलं की ऑक्सिजन कमी होत नाही" हा समज मात्र डोक्यातून काढा. बंद खोलीत कोळशाची सिगडी पेटवून शेजारी पातेलं ठेवलं तरी कार्बन मोनॉक्साइड तसाच राहतो आणि झोपेतच जीव घेतो. कोळशाची सिगडी झोपायच्या खोलीत नकोच.

उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात लू, म्हणजे गरम वारा, सुटते तेव्हा हवा भयंकर कोरडी असते, पण ज्या घरात खसच्या जाळ्यांचा कूलर चालतो तिथं ह्युमिडिफायर म्हणजे पाण्यात पाणी. कूलर स्वतःच तेच काम करतो, म्हणून तर त्याला खिडकी उघडी लागते. एसीच्या खोलीत आकडा ३० च्या खाली गेला तरच लावा. माझ्याकडे तो बहुधा पस्तिशीच्या आसपास रेंगाळतो, मी लावत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

म्हणजे वर्षातले जेमतेम दोन महिने, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. नंतर व्हिनेगरनं एकदा शेवटचं धुऊन, दोन दिवस उन्हात नव्हे, सावलीत उघडं वाळवून, टाकी आणि तळ वेगवेगळे जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून मी ते माळ्यावर टाकते. मीटर तेवढा तंबोऱ्याशेजारी बारा महिने असतो. जुलैत खुंट्या फुगून हलेनाशा झाल्या की शिष्यांना मी आधी त्याचा आकडा वाचायला लावते, मग खुंटी पिळू देते.